फूट पडू नये म्हणून ‘फूट’!

आजीची दोन सुती लुगडी, आईची एक जुनी साडी आणि हातात तीन आठवडे. ताईची डिलिव्हरी डिसेंबरात, आणि ‘मावशीकडून गोधडी’ असं मी सगळ्यांना सांगून मोकळी! दिवसभर ऑफिस, वर ट्रॅफिकचे दोन तास. हाताने धावदोरा घालायला वेळ कुठला? म्हटलं, घरात मशीन आहे ना, वीकेण्डला उरकू.

कसलं काय! वर एक लुगडं, मध्ये साडी, खाली दुसरं लुगडं. पहिल्या तीन ओळी एकदम झकास. चौथीला वरचं कापड सुईपुढे गोळा व्हायला लागलं आणि कडेला पोचेस्तोवर ही मोठी चुणी! टाके उसवायला गेले, तर वापरून वापरून विरलेलं ते सूत टाक्याबरोबर फाटलं. चांगलं दोन बोटं भोक. आजी जाऊन चार वर्षं झाली. तिचं लुगडं आता कुठल्या मॉलमध्ये मिळणार? मशीन झाकलं आणि सरळ रडले.

‘‘हाताने शिवताना असं होत नाही गं,’’ आई म्हणाली. ‘‘खालून आपला हात असतो ना.’’

गोम तिथेच होती. मशीनचे दाते फक्त खालचं कापड मागे ओढतात. वरचा फूट नुसता दाबून बसतो, त्यामुळे वरचा थर रेंगाळतो. ब्लाऊज शिवताना हे जाणवत नाही, तीन थर झाले की भांडं फुटतं!

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतलं शिवणसामानाचं दुकान गाठलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ताई, वॉकिंग फूट लावा. मशीनचा शँक आखूड का लांब?’’ मी ब्लँक! (तुम्ही जाल तेव्हा जुना फूट पर्समध्ये टाका.)

दिसायला हा फूट चांगलाच अवजड. त्याला स्वतःचे दाते असतात आणि बाजूला एक दांडी. ती सुईच्या स्क्रूवर बसवायची. सुई वर-खाली झाली की दांडी हलते आणि वरचे दाते खालच्या दात्यांच्या बरोबरीने कापड सरकवतात. थोडक्यात, आईचा तो खालचा हात, फक्त वरून!

तरी जादूची कांडी नाही हं. अनुभवाचे बोल ऐका :

* आधी तिन्ही थर सपाट पसरून चार-चार इंचांवर सेफ्टी पिना लावा. सुई जवळ आली की पिन काढा.
* सुई १४ नंबरची, टाका ३ मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका जुन्या कापडाला सोसत नाही.
* पहिली ओळ मधोमध, मग दोन्ही बाजूंना कडेकडे.
* स्पीड कमी. गोधडीचा भार टेबलवर असू द्या, खाली लोंबला की ओळ वाकडी.
* रिव्हर्स मारू नका, बहुतेक वॉकिंग फूटना ते जमत नाही.
* सरळ रेषा आणि हलकी वळणं एवढंच त्याचं काम. वेलबुट्टी काढायची तर फूट वेगळा. त्यासाठी मशीनचे दाते खाली करून कापड आपणच फिरवायचं.

आधी जुन्या ओढणीच्या तुकड्यांवर प्रॅक्टिस केली. मग श्वास रोखून लुगड्यावर. चौथी ओळ, पाचवी, दहावी... एक चुणी नाही! दोन वीकेण्डमध्ये गोधडी तयार.

आणि ते भोक? तिथे आईने तिच्या साडीचं ठिगळ लावलं, हाताने, चष्मा सावरत. माझ्या मशीनच्या रुळासारख्या ओळींमध्ये तिचे ते थोडे तिरके टाके लगेच ओळखू येतात. ताईला गोधडी दिली, तेव्हा तिचं बोट पहिल्यांदा तिथेच थांबलं. ‘‘हे आईचं ना?’’

वॉकिंग फूटला तेवढं मात्र जमत नाही!