ठेवावे की सोडावे?

खेळाडू वगळताना निवडकर्ते बहुधा त्याच्या धावा मोजतात. वस्तुतः त्याच्या जागी कोण मिळेल व किती मोलाने, हे आधी पाहावयास हवे. २०२४ ची आयपीएल जिंकणाऱ्या कोलकाता संघाने नियमात बसणारे सहा खेळाडू राखले. कर्णधार श्रेयस अय्यर व आपल्या मध्यप्रदेशचा वेंकटेश अय्यर सुटले. साही जागा भरल्याने जुना खेळाडू लिलावात परत मिळविण्याचा खास हक्कही उरला नाही. पूर्वी ८ कोटींत असलेल्या वेंकटेशसाठी २३.७५ कोटी मोजावे लागले. २०२५ मध्ये त्याने ११ सामन्यांत १४२ धावा केल्या. श्रेयसने मात्र पंजाबला अंतिम सामन्यापर्यंत नेले. आवश्यक औषध बंद करण्यापूर्वी पर्याय हाती हवा, हे आपण वैद्यक व्यवसायातील मंडळी जाणतोच.