नवख्याचे दुखणे

उपचार ऐपतीवर नव्हे, गरजेवर मिळावेत, या तत्त्वावर ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली उभी राहिली. आज दीर्घ मुदतीच्या व्हिसावर तेथे जाणाऱ्या बहुतेक प्रौढांना तिच्यासाठी वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागतात. पगारातून कापला जाणारा कर निराळाच.

एवढे भरूनही दार सहज उघडतेच असे नाही. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदविण्यास पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. परंतु हा नियम नवख्याला ठाऊक नसतो आणि दवाखान्यातील कर्मचाऱ्यालाही कधी कधी त्याचा विसर पडतो. मग भाड्याच्या खोलीत राहणारा मनुष्य वीजबिलाअभावी परत फिरतो आणि दुखणे अंगावर काढतो. पैसे व्हिसाबरोबरच घेणाऱ्या सरकारने हक्काची माहितीही त्याच वेळी हाती द्यावयास नको काय?