हात हवे होते, डोके नको होते!

मेडशी हे अकोला-वाशीम रस्त्यावरचे गाव. आमच्या या भागात सुगी आटोपली की गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. वस्तीतला एखादा तयारीचा पोरगा आज या गावाकडून खेळतो, उद्या त्या गावाकडून. जाण्यायेण्याचा खर्च, रात्रीचे जेवण आणि हातावर थोडे पैसे, एवढाच त्याचा करार. चढाई त्याने करायची, गुडघे त्याने फोडून घ्यायचे. कप्तान कोण आणि बक्षिसाची वाटणी कशी, हे मात्र मंचावर बसलेले ठरवतात. गुडघा गेला की त्या पोराचे नावही कुणी घेत नाही.

खेळात जात नसते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. म्हणूनच आज दोन खेळाडूंची हकिकत सांगतो. एक आपला, दुसरा सातासमुद्रापलीकडचा.

आपला खेळाडू म्हणजे बाळू पालवणकर. चांभार कुटुंबात जन्मलेल्या बाळूंनी पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडण्याची आणि रूळ फिरवण्याची नोकरी धरली. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये मिळू लागले. साहेबांच्या सरावासाठी त्यांनी तासन् तास डावखुरी फिरकी टाकली. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज तर इतरांच्या आधी येऊन बाळूंसमोर सराव करी. पण बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. अस्पृश्याने चेंडू टाकावा, फलंदाजी हा साहेबांचा मान!

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, तेव्हा याच अस्पृश्याची आठवण झाली. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चालत होता. चहाची वेळ झाली की त्यांचा चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला विटाळ, हे कोणते शास्त्र? गरजेपुरता विटाळ बाजूला ठेवायचा आणि गरज सरली की पुन्हा पांघरायचा, हेच ते शास्त्र.

पुढे बाळू मुंबईला आले. पलटण झाली, रेल्वेची नोकरी झाली, हिंदू जिमखान्याकडून खेळणे झाले. जिथे घाम विकला जाईल तिथे जायचे, हीच त्यांची कारकीर्द. १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंचे ८ बळी होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ हरत राहिला, पण बाळूंनी सर्व सामने मिळून शंभरावर बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एका डावात ८ गडी बाद केले. महाराज कप्तान का होते, हे सांगायला हवे काय?

एवढे करूनही बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांच्या भावांनी, शिवराम आणि विठ्ठल यांनी, या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढले. तो बहिष्कार वाया गेला नाही. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले. दान म्हणून नव्हे, भांडून मिळवलेला हा मान होता!

आता दुसरा खेळाडू. अमेरिकेतला फुटबॉल आपल्यासारखा नाही. तिथे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात. ‘क्वार्टरबॅक’ हा त्या संघाचा मेंदू. डाव तो चालवतो. ‘वाइड रिसीव्हर’ने जिवाच्या आकांताने पळायचे आणि त्याने फेकलेला चेंडू झेलायचा. १९३४ ते १९४५ पर्यंत तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये दार उघडले, पण मेंदूची जागा गोऱ्यांनी आपल्याकडेच ठेवली. काळ्यांनी पळावे, झेलावे, मार खावा!

मार्लिन ब्रिस्को हा काळा तरुण १९६८ मध्ये डेन्व्हरच्या संघात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. पहिल्याच हंगामात त्याच्या फेकीवर १४ टचडाउन झाले. बक्षीस काय मिळाले? पुढच्या वर्षी ती जागा त्याला नाकारली गेली. तो बफेलोला गेला आणि आयुष्यात न केलेले रिसीव्हरचे काम शिकला. १९७० मध्ये तो त्या जागेवरच्या उत्तम खेळाडूंत गणला गेला. मग मायामी, सॅन डिएगो, डेट्रॉइट, न्यू इंग्लंड असा गाववाला नसलेल्या मजुरासारखा फिरत १९७६ ला त्याची कारकीर्द संपली. मायामीच्या ज्या संघाने १९७२ च्या हंगामात एकही सामना गमावला नाही, त्यातही तो होता. त्याच १९७२ मध्ये इकडे काळ्या पँथरांचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. व्यवस्था दोन्हीकडे सारखीच होती: हात विकत घ्यायचे आणि डोके नाकारायचे.

काही वाचक म्हणतील, बाळू तर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले होते. होय, १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळूंचा मार्ग चुकला, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ज्यांनी त्यांना कप्तान केले नाही, त्याच वर्गाला बाबासाहेबांविरुद्ध मात्र त्यांचे नाव कामास आले, हा धडा कसा विसरता येईल? तिथेही हात हवे होते, डोके नको होते. आणि त्या चुकीसाठी मैदानातला त्यांचा घाम पुसून टाकणे हाही अन्यायच ठरेल. बाळू १९५५ मध्ये वारले. आमच्या किती मुलांना त्यांचे नाव माहीत आहे?

बांधवांनो, आमचे सांगणे एवढेच. आपल्या पोरांनी खेळावे, जरूर खेळावे. पण नुसत्या चढाईवर समाधान मानू नये. स्पर्धेच्या समितीत बसावे, पंचाची परीक्षा द्यावी, हिशेबाची वही मागावी. गुडघा गेल्यावर हाती काहीतरी उरावे म्हणून शाळा सोडू नये. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे मैदानालाही लागू आहे. मेडशीतला पोरगा रात्री घामाघूम होऊन घरी परतेल, तेव्हा त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: आज मी खेळलो की मला खेळवले गेले?

जयभीम!