गेमबॉय टिकवणारे हात

निन्टेंडोचा गेमबॉय 1989 साली जपानमध्ये विक्रीला आला. गुन्पेई योकोई यांच्या चमूने रंगीत पडद्याचा मोह टाळला. चार छटांचा, 160 बाय 144 ठिपक्यांचा पडदा स्वस्त पडे आणि चार पेन्सिल सेलांवर यंत्र बराच वेळ चाले. आज हे यंत्र पुन्हा हाती घेणाऱ्यांना ‘बालपणात रमलेले’ म्हणून बाजूला सारले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. पोकेमॉनच्या जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळाडूची प्रगती एका छोट्या गोल सेलच्या जोरावर टिकते. तो संपला की सारे पुसले जाते. असे सेल बदलणारे, नवे पडदे बसवणारे, एकमेकांना झाळकाम शिकवणारे चाहतेच ही यंत्रे चालू ठेवत आहेत.

जुने खेळ जपण्याचे काम कंपन्या करतीलच, असे कुणी म्हणेल. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनची 2023 सालची पाहणी वेगळे सांगते: तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते, आणि गेमबॉयच्या खेळांत मिळणाऱ्यांचे प्रमाण 6 टक्क्यांहूनही कमी होते. त्याच वर्षी निन्टेंडोने थ्रीडीएस या आपल्या नंतरच्या खेळयंत्राचे ऑनलाइन दुकानही बंद केले. जुने खेळ टिकवण्यासाठी त्यांची नक्कल करण्यावरचा आक्षेप मात्र गंभीर आहे. विक्रीत असलेल्या खेळाची फुकट प्रत वाटणे ही चोरीच. पण जो खेळ कुणी विकतच नाही, तो अभ्यासासाठी ग्रंथालयांना खुला करायला कायद्याने वाट द्यायला हवी. तोवर, घरात जुना गेमबॉय असेल तर त्यातले पेन्सिल सेल आजच काढून ठेवा. ते गळले की आतल्या पट्ट्या गंजतात.