पिस्टनच्या अंगावरचे ओरखडे

चेनसॉ दोन तऱ्हांनी बंद पडतो. एकीत दोरी ओढली की इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. दुसरीत दोरी जागची हलतच नाही. मनगटाला हिसका बसतो, तेवढंच. ‘सीझ झालं’ म्हणून बहुतेक जण यंत्र अडगळीत टाकतात. पण पाहण्यासारखं सगळं इथूनच सुरू होतं! हे इंजिन आपण कशानं थांबलो ते स्वतःच्या अंगावर कोरून ठेवतं आणि ते घरच्या घरी, दोन पाने आणि मोबाइलच्या टॉर्चवर वाचता येतं.

हे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे जुन्या चेतक आणि लूनाच्याच जातीचं. त्याला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या उघडतो आणि मिटतो. एकीतून हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत येतं, दुसरीतून धूर बाहेर पडतो. ऑइलची वेगळी टाकी इंजिनाला नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं सगळं वंगण. चांगलं टू-टी ऑइल असेल तर बहुतेक आधुनिक चेनसॉंना लिटरमागे अवघं 20 मिलिलिटर पुरतं.

एवढ्याशा ऑइलवर चाललेलं काम बघा. पूर्ण वेगात चेनसॉ मिनिटाला 12,000 फेऱ्या सहज गाठतो. म्हणजे सेकंदाला 200 फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला एक स्फोट. पिस्टन दर सेकंदाला 400 वेळा क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. त्याच्या आणि सिलिंडरच्या मधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी. आता 40 मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन नेहमीपेक्षा 100 अंशांनी जास्त तापला, तर तो साधारण 0.08 मिलिमीटर फुगतो. माणसाच्या केसाची जाडी जवळपास तेवढीच! सिलिंडरही फुगतो, पण त्याच्या पात्यांवर पंख्याचा वारा लागतो, म्हणून तो मागे राहतो. फट संपते, ऑइलचा थर फाटतो आणि पिस्टनचं मऊ ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला लिंपलं जातं. सीझ होणं म्हणतात ते हेच.

पण दोरी हलत नाही म्हणजे पिस्टनच चिकटला, असं मात्र धरून चालू नये. स्विच बंद ठेवून आधी प्लग काढावा आणि दोरी ओढावी. भोकातून पेट्रोलची चिळकांडी उडून इंजिन मोकळं फिरलं, तर आत पेट्रोल साचलं होतं, एवढंच. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन अडला होता. हे काम उघड्यावर करावं, विस्तवापासून लांब आणि तोंड बाजूला ठेवून.

तरीही हललं नाही तर स्टार्टरचं झाकण उतरवावं. सुट्या झाकणातली दोरीसुद्धा अडत असेल, तर दोष तिथल्या स्प्रिंगचा किंवा पुलीचा. दोरी ठीक असेल तर फ्लायव्हील हातानं हलवून बघावं. त्याच्या आणि कॉइलच्या मध्ये लाकडाची एखादी ढलपी अडकली तरी सगळं ठप्प होतं. मग दुसऱ्या बाजूनं बार आणि चेन काढून क्लच तपासावा. तेलकट भुसा तिथे दगडासारखा घट्ट बसतो.

हे सगळं निर्दोष निघालं, की थंड इंजिनाचा सायलेन्सर खोलावा. मागे सिलिंडरची खिडकी दिसते आणि खिडकीत पिस्टन. निरोगी पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या घडणीच्या बारीक रेघा आडव्या असतात. ओरखडे नेहमी उभे, कारण पिस्टन धावतो उभा. आडव्या रेघा शाबूत असतील तर जीव भांड्यात पडतो. त्या पुसून उभे, चकचकीत पट्टे उठले असतील, रिंगा खाचेत लिंपल्या गेल्या असतील, तर निदान झालं.

निदानाच्या पुढचा प्रश्न कारणाचा, आणि तो ओरखड्यांच्या जागेवरून सुटतो. त्यासाठी सिलिंडर उतरवून पिस्टन चहूबाजूंनी बघावा लागतो. ओरखडे फक्त धुराच्या बाजूला असतील, तर उष्णता वाढली होती. ती बाजू मुळातच जास्त तापते, कारण समोरच्या बाजूला येणारं ताजं मिश्रण थंडावा देतं. मग हवा चोरणारं सील, पातळ मिश्रण देणारा कार्ब्युरेटर किंवा भुशानं बुजलेली पाती शोधावीत. चहूबाजूंनी सारखे ओरखडे असतील, तर पेट्रोलमध्ये ऑइलच नव्हतं असं समजावं. आणि मिश्रण येण्याच्या बाजूला पिस्टन मंद, घासल्यासारखा दिसत असेल, तर फाटक्या फिल्टरमधून धूळ आत गेली होती.

कित्येक महिने पडून राहिलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. तिथे रिंगा आणि बेअरिंग गंजानं धरलेली असतात. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून रात्रभर ठेवावं, मग फ्लायव्हील हलक्या हातानं मागेपुढे करावं. हातोडा लावू नये, फ्लायव्हीलची पाती तुटतात.

गरम असताना चिकटलेला पिस्टन निवल्यावर आपोआप सुटतो, हे तर फारच नवल. इंजिन पुन्हा सुरूही होतं आणि आपण निर्धास्त होतो. पण आतली इजा तशीच असू शकते, म्हणून एक चाचणी करावी. प्लग घट्ट लावून, स्विच बंद ठेवून, चेनसॉ स्टार्टरच्या मुठीनं उचलून धरावा. दोरी टप्प्याटप्प्यानं, अडत अडत सुटली तर कॉम्प्रेशन बरं आहे. यंत्र सरळ खाली सरकलं तर पिस्टन-रिंगांनी दम सोडलेला आहे.

नवा पिस्टन बाजारात मिळतो, सिलिंडरचं कठीण अस्तरही पुष्कळदा वाचलेलं असतं. पण बिघाडाचं कारण तसंच राहिलं, तर नवा पिस्टनही त्याच जागी, तेच ओरखडे घेऊन अडेल. आज भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी वाढलं की इथेनॉल-पाण्याचा थर ऑइलला वर सोडून टाकीच्या तळाशी बसतो. इंजिन पेट्रोल ओढतं ते तळातूनच! म्हणून पेट्रोल-ऑइलचं मिश्रण लागेल तेवढंच, ताजं आणि मोजून करावं. सेकंदाला 200 स्फोट झेलणाऱ्या या यंत्राचं आयुष्य त्या 20 मिलिलिटरवर उभं आहे.