कार्ड एक, सहीचे नियम अनेक

लग्नसराईच्या दिवसांत कोल्हापूरच्या गुजरीत किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर एखाद्या सराफी पेढीवर तासभर थांबले, तर एकाच यंत्रावर तीन तऱ्हेचे व्यवहार होताना दिसतात. कोणी चांदीची जोडवी घेते, कार्ड यंत्राला नुसते टेकवते आणि निघते. दुसरे कोणी सोन्याच्या बांगड्या घेते. त्यांना यंत्र पिन विचारते. तिसरा पाहुणा अमेरिकेहून लग्नासाठी आलेला असतो. त्याचे कार्ड घातले की पिनची विचारणा होत नाही, पावतीवर मात्र सहीची रेघ उमटते आणि गल्ल्यावरचा नोकर पेन शोधू लागतो. दुकान तेच, यंत्र तेच. नियम मात्र तीन.

सही म्हणजे ओळखीची खूण, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. कार्डाच्या व्यवहारात काय लागेल, सही, पिन की दोन्ही नको, हे मुख्यतः एका प्रश्नावरून ठरत आले आहे : व्यवहार खोटा निघाला, तर नुकसान कोणी सोसायचे?

पेढीची परंपरा असलेल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. शाहजोग हुंडीचे पैसे ती घेऊन येणाऱ्या कोणाच्याही हातावर ठेवले जात नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शाह’लाच ते मिळत, आणि पुढे हुंडी बनावट ठरली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहवर येई. अक्षर ओळखण्याचा, सही ताडण्याचा भाग होताच. पण व्यवहार निर्धास्त होई तो जोखीम कोणाच्या शिरावर, हे आधीच ठरलेले असल्यामुळे.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले आणि पुढे प्लास्टिकची कार्डे रूढ झाली. कार्डावरचे उठावाचे अंक एका सरकत्या यंत्राने कार्बनच्या पावतीवर उमटवले जात. ग्राहक सही करी, दुकानदार ती कार्डामागच्या सहीशी ताडून पाही आणि पावती बँकेत भरे. ठरावीक रकमेवरच्या खरेदीसाठी बँकेला दूरध्वनी करून मंजुरी घ्यावी लागे. ग्राहकाने ऋण मान्य केल्याचा पुरावा म्हणजे ती सही केलेली पावती. ती नसेल, तर वाद उद्भवल्यावर दुकानदाराचे काही चालत नसे. पण रांग लागलेली असताना, हस्ताक्षराचे कोणतेही शिक्षण नसलेल्या नोकराकडून सहीची कितीशी पारख होणार? खरे सांगायचे तर सही ताडणे हे बहुतेक ठिकाणी नावापुरतेच उरले होते.

चिप आल्यावर हा तपास नोकराच्या नजरेकडून यंत्राकडे गेला. कार्ड देणारी बँक चिपमध्ये ओळख पटवण्याच्या पद्धतींची क्रमवार यादी भरून ठेवते. एखाद्या कार्डात पिन पहिला असतो, एखाद्यात सही. अमुक परिस्थितीत काहीच नको, असेही लिहिलेले असू शकते. दुकानातले यंत्र ही यादी वाचते आणि तिच्यातली, स्वतःला जमणारी, पहिली लागू पडणारी पद्धत निवडते. पिन विचारायचा की सहीची रेघ उमटवायची, हे त्या क्षणी दुकानदाराच्या हातात राहत नाही. म्हणूनच ‘त्या दुकानात सही घेतली, इथे का घेत नाही?’ असे गल्ल्यावरच्या माणसाला विचारून उपयोग नसतो.

ही यादी देशोदेशी वेगळी झाली, कारण जोखमीचा हिशेब वेगळा मांडला गेला. भारतात रिझर्व्ह बँकेने पिनच्या बाजूने कौल दिला. १ डिसेंबर २०१३ पासून दुकानातील डेबिट कार्डाच्या व्यवहाराला पिन सक्तीचा झाला. पुढे क्रेडिट कार्डेही चिप आणि पिनची झाली, आणि नुसत्या चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे बदलण्यासाठी २०१८ अखेरची मुदत घातली गेली. पिनची पडताळणी झाली, सहीची गरज नाही, अशा अर्थाची ओळ पावतीवर येते ती त्यामुळे. टेकवून करायच्या व्यवहारांना २०१५ साली दोन हजार रुपयांपर्यंत पिनमधून सूट मिळाली आणि १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा पाच हजारांवर गेली. जोडव्यांना पिन लागत नाही व बांगड्यांना लागतो, त्याचे कारण एवढेच. लहान रकमेत रांग लवकर सरकण्याचा फायदा मोठा आणि बुडीत जाण्याचा धोका छोटा. हा हिशेब कोणत्याही किराणा दुकानदाराला समजावून सांगावा लागणार नाही.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. चिप स्वीकारली, पण क्रेडिट कार्डाला पिनची सक्ती सहसा जोडली नाही. ऑक्टोबर २०१५ पासून, चिप वाचणारे यंत्र न बसवणाऱ्या दुकानदाराकडे बनावट कार्डाचे नुकसान वळू लागले. मग प्रत्येक व्यवहार त्याच क्षणी बँकेच्या संगणकाकडून तपासला जात असताना सहीने काय साधते, असा प्रश्न उभा राहिला, आणि एप्रिल २०१८ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस व डिस्कव्हर या चारही कंपन्यांनी तेथील सहीची सक्ती मागे घेतली. व्हिसाची सवलत चिपचे यंत्र बसवलेल्या दुकानांपुरती होती. तरीही न्यू जर्सीत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना उपाहारगृहात सहीची पावती दिसतेच. तिथे बक्षिसीची रक्कम ग्राहक स्वतः लिहितो. ती सही मुख्यतः त्या वाढीव आकड्यासाठी असते.

पिनमुळे सहीची कटकट गेली, तसा एक आधारही गेला. खोटी सही निदान दाखवता येत असे. पिन कोणी दाबला हे यंत्राला कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर ग्राहकावर काहीही बोजा पडत नाही. पण ग्राहकानेच पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. व्यापारी घरांनी इथे थांबून विचार करण्यासारखा आहे. वडिलांचे कार्ड मुलाच्या खिशात, पिन मुनीमजींना पाठ आणि पेट्रोल भरायला ड्रायव्हरच्या हाती कार्ड, ही अनेक घरांतली नेहमीची रीत. विश्वासाने चाललेल्या या व्यवहारात एखादी रक्कम गेली, तर नियमाच्या लेखी तो निष्काळजीपणा ठरतो. घरातल्यांसाठी बँकेकडून जोडकार्ड घेता येते. त्याचा पिन वेगळा असतो आणि खर्चाची मर्यादाही अनेक बँकांत ठरवता येते.

विक्रेत्याच्या बाजूने पाहता, पिनने झालेल्या व्यवहारात ‘ही खरेदी माझी नव्हे’ अशी तक्रार दुकानदारावर सहसा उलटत नाही. परदेशी कार्डाची, सहीची रेघ आलेली पावती ही मात्र अजूनही जुन्या अर्थाने दस्तऐवज आहे. कार्डधारकाने परत गेल्यावर व्यवहार नाकारला, तर बँक दुकानदाराकडे पुरावा मागते आणि समाधान झाले नाही तर रक्कम त्याच्या खात्यातून वळती होते. सराफी व्यवहारात ती काही लाखांत असू शकते. पाहुणा गडबडीत सही न करताच निघून गेला आणि नोकराने त्या रेघेवर काहीतरी गिरवून पावती फाइलला लावली, असेही कुठे कुठे घडते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे. खोटा लेख करण्याचे हे कृत्य धर्माच्या दृष्टीने अतिचार आणि कायद्याच्या दृष्टीने अपराध. वडिलांच्या कार्डावर वडिलांच्या नावाची सही ठोकणारा मुलगाही याच सदरात येतो, मग त्यामागे वडिलांची संमती असली तरी त्याची सही ही त्यांची सही होत नाही.

सही घेतलेली पावती किती काळ जपायची, हे यंत्र देणाऱ्या बँकेशी झालेल्या करारात लिहिलेले असते. पण ती उष्णतेने छापणाऱ्या कागदावर निघते, आणि उन्हाळ्यात गल्ल्यात पडून राहिली तर काही महिन्यांत अक्षरे पुसट होऊन रक्कमही वाचता येत नाही. त्याच दिवशी तिची छायाप्रत काढून बिलाच्या स्थळप्रतीला जोडून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.