मिक्सर नळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअसचे ऊन सोसले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची थंडीही अनुभवली, त्या नागपुरात स्नानाच्या पाण्याची उष्णता हा चैनीचा नव्हे, तर आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तांब्याचा बंब आणि घंगाळ यांची जागा जेव्हा गीझर व मिक्सर नळ यांनी घेतली, तेव्हा कढत पाण्यात विसण घालण्याचे आणि ते पाणी बोटांनी अजमावण्याचे, अशी दोन्ही कामे या नळाने आपल्याकडे घेतली असा समज घरोघरी रूढ झाला. वस्तुतः सामान्य मिक्सर नळ यांपैकी केवळ पहिले काम करतो. दुसऱ्याची तजवीज त्याच्या रचनेतच नाही. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे जे गैरसमज पसरले आहेत, त्यांची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : दांडी एका ठरावीक जागी ठेवली की पाणी नेहमी त्याच तापमानाचे येते.

वस्तुस्थिती : एका दांडीच्या नळाच्या पोटात सिरॅमिकच्या दोन अत्यंत गुळगुळीत चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात. त्यांपैकी एक स्थिर असते व दुसरी दांडीबरोबर सरकते. दांडी आडवी फिरवली असता गरम व गार पाण्याच्या वाटा कमीअधिक उघडतात आणि ती उचलली असता एकूण प्रवाह वाढतो. तापमान ओळखणारा कोणताही अवयव तेथे नसतो. गीझरमधील पाणी ६० अंशांचे व टाकीतील पाणी २० अंशांचे असताना समसमान मिश्रण ४० अंशांचे होईल; परंतु टाकीतील पाणी ३५ अंशांवर गेले, तर तेच प्रमाण ४७.५ अंशांचे पाणी अंगावर सोडील. अमेरिकेतील अल्फ्रेड मोएन या विद्यार्थ्याचे हात १९३७ साली दोन चाव्यांच्या नळाखाली पोळले, त्यातून त्याला एका दांडीच्या नळाची कल्पना सुचली आणि १९४७ साली असा नळ बाजारात आला. मात्र त्या कल्पनेनेही प्रमाण साधणे सुलभ केले, तापमान कायम राखण्याची हमी दिली नाही.

गैरसमज २ : उन्हाळ्यात गार बाजूनेही गरम पाणी येते, त्याअर्थी नळ बिघडला आहे.

वस्तुस्थिती : पेंच आणि कन्हान येथून आलेले पाणी आपल्या घरात बहुधा स्लॅबवरच्या टाकीतून उतरते, आणि ती टाकी व तिचे उघडे पाइप दिवसभर उन्हात तापलेले असतात. मिश्रणाचे तापमान दोन प्रवाहांच्या तापमानांच्या दरम्यानच राहते; अधिक गार प्रवाहाच्याही खाली पाणी नेण्याचे सामर्थ्य कोणत्याही मिक्सर नळात नाही, मग तो कितीही किमती असो. म्हणून नवतपाच्या दिवसांत नळ बदलण्यापेक्षा टाकीवर सावली करणे आणि पाइपांना उष्णतारोधक वेष्टन घालणे हाच खरा बंदोबस्त होय.

गैरसमज ३ : स्नान करताना एकाएकी चटका बसला, तर दोष गीझरचाच.

वस्तुस्थिती : गीझर निर्दोष असतानाही असे घडते. स्वयंपाकघरातील नळ किंवा संडासातील फ्लश त्याच गार पाइपवर असेल, तर तो सुरू होताच गार पाण्याचा दाब उतरतो, आणि दांडी जागची हललेली नसताही मिश्रणात गरम पाण्याचे प्रमाण वाढते. स्नानगृहासाठी टाकीपासून स्वतंत्र आणि पुरेशा व्यासाचा पाइप घेणे हा यावरील साधा उपाय आहे. दोन्ही बाजूंच्या दाबांतील तफावत आपोआप सावरणारे नळही मिळतात.

गैरसमज ४ : थर्मोस्टॅटिक मिक्सर विजेवर चालतो, आणि तो बसवला की कोणत्याही घरात काम भागते.

वस्तुस्थिती : बहुतेक थर्मोस्टॅटिक मिक्सरांत वीज नसते, असते ती मेणाने भरलेली एक लहानशी कुपी. मिश्र पाणी तिच्यावरून वाहते. ते अधिक तापले की मेण प्रसरण पावते, दट्ट्या पुढे सरकतो आणि गरम पाण्याची वाट आकुंचित होते. गार पाणी अकस्मात बंद पडले, तर हीच क्रिया गरम पाणीही रोखते. त्याच्या मुठीवर सामान्यतः ३८ अंशांपाशी अटकाव असतो आणि बटण दाबल्यावाचून मूठ पुढे जात नाही. परंतु या यंत्रणेला पुरेसा दाब लागतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब मिळतो, म्हणजे शॉवरहून जेमतेम तीन मीटर उंच असलेल्या टाकीमुळे तो ०.३ बारच भरतो. कित्येक थर्मोस्टॅटिक नळांना एवढा दाब अपुरा पडतो. शिवाय बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत साचला, तर मेणाची कुपी मंद होते. तेव्हा वेळोवेळी सफाई करण्यात हयगय होता कामा नये.

तात्पर्य, नळ खरेदी करण्यापूर्वी टाकीची उंची, पाइपांची मांडणी आणि गीझरची जात यांचा तपशील प्लंबरसमोर ठेवावा, आणि नळाला किमान किती दाब लागतो हे त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच निर्णय घ्यावा. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा गंभीरपणे भाजते, आणि बालकांची व वृद्धांची त्वचा तर अधिकच नाजूक असते. म्हणून नळ कोणताही असो, आधी गार पाणी सोडावे, मग गरम मिसळावे, आणि हाताने पाहिल्यावाचून ते कोणाच्याही अंगावर घेऊ नये, ही प्रत्येक घराला आग्रहाची विनंती आहे.